पहिली दोजिन्शी: कोऱ्या पानापासून टोकियोतल्या मेजापर्यंत

जपानमध्ये हौशी चित्रकार आणि लेखक स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापतात, ठरलेल्या दिवशी एखाद्या प्रदर्शनगृहात अर्ध्या मेजामागे बसतात आणि ती पुस्तिका वाचकाच्या हातात स्वतः देतात. या पुस्तिकेला दोजिन्शी आणि ती काढणाऱ्या गटाला सर्कल म्हणतात. गटात एकच माणूस असला तरी शब्द सर्कलच. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जपानमध्ये राहणाऱ्या आणि चित्रकथा काढण्याची हौस असणाऱ्या मराठी वाचकाला आपली पहिली दोजिन्शी मेळाव्यात मांडता यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. चित्र कसे काढावे हे यात सांगितलेले नाही. माझ्या मते पहिली दोजिन्शी चित्रकलेपायी क्वचितच अडते. तारखा, पृष्ठसंख्या आणि प्रतींची संख्या या तीन गोष्टी शेवटी ठरवायला ठेवल्या की ती हमखास अडते. म्हणून पुढचा क्रम मेळाव्याच्या दिवसापासून मागे येत लावला आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर केलेला बरा. दोजिन्शी म्हणजे लोकप्रिय पात्रांची नक्कल किंवा केवळ प्रौढांसाठीचा मजकूर, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ही परंपरा साहित्यातून आली आहे. १८८५ साली ओझाकी कोयो आणि त्याच्या मित्रांनी केनयूशा नावाचे मंडळ स्थापन करून ‘गाराकुता बुन्को’ हे नियतकालिक काढले. समविचारी लेखकांनी आपल्या खर्चाने चालवलेल्या अशा अंकांची तेथे पुढे रीतच पडली. साठच्या दशकातली मराठी लघुनियतकालिके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. चित्रकथेत ती १९५० च्या दशकात आली. तेव्हा शाळकरी वयात असलेला इशिनोमोरी शोतारो आणि त्याचे सोबती एकच हाताने काढलेला अंक टपालाने एकमेकांकडे फिरवत असत. १९७५ च्या २१ डिसेंबरला मेइक्यू या समीक्षक-मंडळाच्या पुढाकाराने टोकियोत पहिला कॉमिक मार्केट, म्हणजे कॉमिकेट, भरला तेव्हा ३२ सर्कल आणि सुमारे ७०० माणसे आली होती, आणि त्यांत शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथा, वाचणाऱ्या शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. २०१९ च्या हिवाळ्यात, चार दिवसांच्या मेळाव्यात, येणाऱ्यांचा आकडा साडेसात लाखांपर्यंत गेला. एवढा मोठा होऊनही कॉमिकेटने एक तत्त्व सोडलेले नाही: तेथे कोणी ग्राहक नसतो. मेजामागे बसणारा, रांगेत उभा राहणारा आणि रांग लावणारा स्वयंसेवक हे सगळे सहभागीच मानले जातात. पुढे सांगितलेले बरेचसे शिष्टाचार याच तत्त्वातून आले आहेत.

पहिली पायरी: मेळावा निवडणे

कॉमिकेट वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस, टोकियोच्या आरिआके भागातल्या बिग साइट या प्रदर्शनगृहात भरतो. तेथे मेज मिळवण्यासाठी काही महिने आधी अर्ज करावा लागतो. उन्हाळी मेळाव्याचा निकाल साधारण जूनच्या सुरुवातीस आणि हिवाळी मेळाव्याचा नोव्हेंबरच्या सुरुवातीस लागतो. अर्ज जागेपेक्षा जास्त येतात, त्यामुळे सोडत निघते. अर्जात आपला विषयगट निवडावा लागतो आणि सर्कल-कट नावाचे एक छोटे चौकोनी चित्र द्यावे लागते, जे पुढे मेळाव्याच्या सूचीत छापले जाते. वाचक ते चित्र पाहूनच कोणत्या मेजाकडे जायचे ते ठरवतात. म्हणून त्यात सर्कलचे नाव, विषय आणि एका पात्राचा चेहरा ठळक दिसला पाहिजे. बारीक नक्षी छापून आल्यावर काळा डाग होते.

तरीही पहिल्या पुस्तकासाठी मी कॉमिकेट सुचवणार नाही. गर्दी अफाट असते, निकाल उशिरा लागतो आणि अनोळखी सर्कलकडे थांबून पाने चाळायला तेथे कोणाला सवड नसते. आपली गोष्ट स्वतंत्र असेल तर कॉमितिया हा मेळावा अधिक योग्य आहे. १९८४ पासून भरणाऱ्या या मेळाव्यात फक्त स्वतंत्र निर्मितीला जागा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर आधारलेली पुस्तके तेथे मांडताच येत नाहीत. तो वर्षातून चार वेळा बिग साइटमध्येच भरतो, अर्जाची मुदत कॉमिकेटपेक्षा मेळाव्याच्या बरीच जवळ असते आणि तेथे येणारा वाचक ठरवून नव्या नावांचा शोध घेत फिरतो. दाखल केलेल्या पुस्तकांच्या नमुना प्रती मांडलेला एक वेगळा कोपराही असतो, त्यामुळे मेजापाशी उभे राहण्याचा संकोच वाटणाऱ्यालाही पुस्तक निवांत पाहता येते.

एखाद्या विशिष्ट मालिकेची किंवा खेळाची चाहत्यांची निर्मिती करायची असेल, तर त्याच विषयापुरते भरणारे छोटे मेळावे पाहावेत. त्यांना ओन्ली म्हणतात. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला आपला विषय आधीच ठाऊक असतो, त्यामुळे पन्नास मेजांच्या सभागृहातही पुस्तके चांगली जातात. चित्रांशिवाय नुसते गद्य किंवा कविता असतील तर २००२ मध्ये सुरू झालेला बुनगाकू फ्रीमा हा साहित्याचा मेळावा आहे.

दुसरी पायरी: स्वतःची पात्रे की दुसऱ्याची

हा निर्णय अर्ज भरण्याआधी घ्यावा लागतो, आणि त्यातला कायदेशीर भाग नीट समजून घेतल्याशिवाय घेऊ नये.

जपानच्या कॉपीराइट कायद्यात चाहत्यांच्या निर्मितीसाठी वेगळी सूट नाही. दुसऱ्याच्या पात्रांवर पुस्तक काढून विकणे हे मूळ हक्कधारकाच्या परवानगीविना झाले, तर ते कायद्याच्या दृष्टीने अडचणीत येऊ शकते. तरीही हा व्यवहार पन्नास वर्षे चालला, कारण कॉपीराइटभंगाचा खटला सहसा हक्कधारकाच्या तक्रारीवरूनच उभा राहतो आणि बहुतेक प्रकाशक तक्रार करत नाहीत. चाहते हेच त्यांचे सर्वांत निष्ठावान वाचक असतात आणि त्यांच्यातूनच उद्याचे व्यावसायिक चित्रकार येतात, हे त्यांना माहीत असते. क्लॅम्प हा पुढे जगभर वाचला गेलेला चित्रकारांचा गट मुळात दोजिन्शी काढणारे सर्कलच होता. पॅसिफिक व्यापार कराराच्या निमित्ताने कायदा बदलला आणि ३० डिसेंबर २०१८ पासून काही गुन्ह्यांत तक्रारीविनाही खटला भरता येऊ लागला, तेव्हा दोजिन्शीच्या जगात मोठी घबराट होती. पण हा बदल मूळ कृती जशीच्या तशी, नफ्यासाठी आणि हक्कधारकाचे गैरवाजवी नुकसान होईल अशा रीतीने विकणाऱ्यांपुरता ठेवण्यात आला. चाहत्यांनी पात्रे घेऊन रचलेली नवी गोष्ट त्यात मोडत नाही.

दुर्लक्ष म्हणजे परवानगी नव्हे, हे दोन प्रकरणांवरून कळते. १९९९ च्या जानेवारीत पोकेमॉनच्या पात्रांवर प्रौढांसाठीची दोजिन्शी काढणाऱ्या एका महिलेला निन्तेन्दोच्या तक्रारीवरून अटक झाली आणि पुढे एक लाख येन दंड झाला. दुसरे प्रकरण दोराएमोनच्या काल्पनिक शेवटाचे. एका हौशी चित्रकाराने काढलेल्या त्या पुस्तिकेच्या सुमारे १३,००० प्रती गेल्या, तिचे रूप अधिकृत पुस्तकासारखे होते आणि तो खराच शेवट आहे असा समज पसरला. २००७ मध्ये चित्रकाराने माफी मागून उत्पन्नातला काही भाग प्रकाशकाला दिला, तेव्हा ते मिटले. पहिल्या प्रकरणात मुलांच्या पात्रांची प्रतिमा हा नाजूक मुद्दा होता, तर दुसऱ्यात अधिकृत पुस्तकाशी असलेले साम्य आणि प्रतींची मोठी संख्या आड आली. आपल्या पुस्तकाने या तिन्ही बाबतींत मर्यादेत राहावे.

प्रत्यक्षात करायचे ते असे. मूळ कृतीच्या हक्कधारकाने चाहत्यांच्या निर्मितीसाठी नियमावली जाहीर केली आहे का, ते आधी पाहावे. हल्ली अनेक खेळांच्या कंपन्यांनी ती केली आहे आणि त्यांच्या अटी एकमेकींपेक्षा फार वेगळ्या असतात. तोहो प्रोजेक्ट या खेळमालिकेने चाहत्यांना मोठी मोकळीक दिली आहे आणि म्हणूनच तिच्यावरच्या दोजिन्शींचे स्वतंत्र मेळावे भरतात. उलट उमामुसुमे या खेळातली पात्रे खऱ्या शर्यतीच्या घोड्यांवरून घेतलेली असल्याने, घोड्यांच्या मालकांचा मान राखून त्यांची प्रतिमा मलिन होईल असे काही काढू नये, असे निर्माते बजावतात. काही मांगांवर दोजिन मार्क नावाचे चिन्ह असते. अकामात्सु केन या चित्रकाराच्या पुढाकाराने २०१३ पासून वापरात आलेल्या या चिन्हाचा अर्थ मेळाव्यात दोजिन्शी वितरित करायला मूळ चित्रकाराची संमती आहे, असा होतो. मात्र ती संमती मेळाव्यापुरतीच असते.

नियमावली नसेल तर रूढ संकेत पाळावेत. अधिकृत बोधचिन्ह वापरू नये. मूळ चित्रावर कागद ठेवून गिरवू नये. मुखपृष्ठावर किंवा शेवटच्या पृष्ठावर ‘ही चाहत्यांची अनधिकृत निर्मिती असून मूळ हक्कधारकांशी तिचा संबंध नाही’ असे जपानीत छापावे. आपले पुस्तक मूळ चित्रकाराला किंवा कंपनीला समाजमाध्यमांवर दाखवायला जाऊ नये. कौतुकाची अपेक्षा असली तरी त्यामुळे त्यांना अधिकृत भूमिका घेण्याची वेळ येते, आणि ते कोणालाच नको असते. किल्ल्या अडकवायचे बिल्ले, बाहुल्या अशा वस्तूंच्या वाटेला नवख्याने न गेलेले बरे, कारण त्या थेट अधिकृत मालाशी स्पर्धा करतात आणि हक्कधारक त्यांच्याकडे पुस्तकांपेक्षा कडक नजरेने पाहतात. जिवंत खऱ्या व्यक्तींवरच्या गोष्टी तर पहिल्या पुस्तकात मुळीच घेऊ नयेत.

चाहत्याच्या कामालाही संरक्षण असते, हे थोड्यांना ठाऊक आहे. परवानगीविना दोजिन्शी संकेतस्थळावर चढवणाऱ्यांनी ‘मुळात हे पुस्तकच कॉपीराइटभंग आहे’ असा बचाव केला, तेव्हा जपानच्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फेटाळून दोजिन्शी काढणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

तिसरी पायरी: आकार आणि पृष्ठसंख्या

मांगाची दोजिन्शी बहुधा बी५ आकारात निघते आणि गद्याची ए५ किंवा ए६ आकारात. येथे भारतातून गेलेल्या माणसाची फसगत होते: जपानी बी५ हा १८२ गुणिले २५७ मिलिमीटरचा असतो, तर आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा बी५ हा १७६ गुणिले २५० मिलिमीटरचा. सॉफ्टवेअरच्या यादीतून नुसते ‘बी५’ निवडले आणि तो चुकीचा निघाला, तर सगळी पृष्ठे पुन्हा जुळवावी लागतात. ‘जेआयएस’, म्हणजे जपानी प्रमाण, असा उल्लेख असलेलाच आकार घ्यावा, किंवा सरळ छापखान्याच्या संकेतस्थळावरून त्यांचा नमुना-साचा उतरवून घ्यावा.

पृष्ठसंख्या मोजताना जपानी छापखाने मुखपृष्ठाची चार पृष्ठेही धरतात. मुखपृष्ठासह २४ पृष्ठांचे पुस्तक म्हणजे आत २० पृष्ठे. पहिल्या पुस्तकाला याहून जास्त नकोत. त्या २० मध्ये एक शीर्षकपृष्ठ, १६ पृष्ठांची गोष्ट, एक पृष्ठ मनोगत, एक कोरे आणि शेवटी प्रकाशन-तपशिलाचे एक, अशी वाटणी सोयीची पडते. मधोमध टाचणीची बांधणी घेतल्यास एकूण पृष्ठे चारच्या पटीत असावीच लागतात. चिकट बांधणीला कणा येतो, त्यामुळे पुस्तक जाडसर आणि नीटस दिसते, पण आतल्या कडेचा मजकूर खोबणीत जातो. तेथे संवाद ठेवू नयेत.

उभ्या जपानी मजकुराचे पुस्तक उजवीकडून बांधलेले असते आणि आडव्या मजकुराचे डावीकडून. मराठी किंवा इंग्रजी संवाद असतील तर डावी बांधणी मागावी आणि चौकटींचा क्रमही तसाच लावावा. छापखान्याचा अर्ज भरताना हा एक रकाना चुकला की पुस्तक उलटे बांधून येते. दोन्ही प्रकारांत विषम पृष्ठानंतर पान उलटावे लागते, म्हणून वाचकाला धक्का द्यायचा प्रसंग सम पृष्ठावर आणि त्याची चाहूल विषम पृष्ठाच्या शेवटच्या चौकटीत ठेवावी.

चौथी पायरी: रेखाटनापासून छपाईच्या फाइलपर्यंत

जपानी चित्रकार आधी नेम काढतात. नेम म्हणजे प्रत्येक पृष्ठावरच्या चौकटी, पात्रांच्या जागा आणि संवाद दाखवणारा कच्चा आराखडा. सोळाही पृष्ठांचा नेम पूर्ण झाल्याशिवाय एकही पृष्ठ पक्के करायला घेऊ नये. पहिली तीन पृष्ठे झळझळीत आणि नंतरची घाईची, अशी अनेक पुस्तके मेळाव्यात दिसतात, आणि त्यांचे कारण बहुधा हेच असते. नेमची छोटी डमी करावी: कागद दुमडून, टाचून, त्यावर अंगठ्याएवढी चित्रे काढून ती खरोखर उलटून वाचावी. पान उलटण्याची गंमत साधली की नाही, हे पडद्यावर कळत नाही.

नंतर पेन्सिलीचे काम, शाई, काळे भराव आणि शेवटी टोन, म्हणजे छटा दाखवणारे ठिपके. नोकरी सांभाळून काढणाऱ्याने एका पृष्ठाला सहा ते आठ तास धरावेत, म्हणजे सोळा पृष्ठांना साधारण शंभर ते सव्वाशे तास. हा हिशेब निराश करणारा वाटला तर गोष्ट बारा पृष्ठांची करावी. चांगल्या बारा पृष्ठांना कोणी नावे ठेवत नाही.

बहुतेक लोक सेल्सिस कंपनीचे क्लिप स्टुडिओ पेंट हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर वापरतात; अनेक पृष्ठांचे पुस्तक एकत्र हाताळायचे तर त्याची ईएक्स आवृत्ती लागते. आतली काळी-पांढरी पृष्ठे ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर, आणि शुद्ध दोन रंगांत, म्हणजे करडी छटा न ठेवता, करावीत. करडी छटा हवी तेथे ठिपक्यांचा टोन वापरावा. इंचाला ठिपक्यांच्या साठ रेषांचा, दहा ते चाळीस टक्क्यांमधला टोन छपाईत सुरक्षित उतरतो. टोन लावलेल्या पृष्ठाचा आकार नंतर कमी-जास्त करू नये, नाहीतर ठिपक्यांची अनपेक्षित जाळी उमटते, जिला मोआरे म्हणतात. रंगीत मुखपृष्ठ ३५० डीपीआयवर आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगपद्धतीत द्यावे. पडद्यावरचा विजेसारखा निळा आणि पोपटी छपाईत मंद होतो. मुखपृष्ठाचा मुख्य रंग त्यांतला नसलेला बरा.

कागदाच्या कापणीत थोडे इकडेतिकडे होतेच, म्हणून चित्र कापणीच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर वाढवावे लागते. आपल्याकडचे छापखाने याला ब्लीड म्हणतात. काही छापखाने पाच मिलिमीटर मागतात. संवाद मात्र कापणीच्या रेषेपासून निदान एक सेंटिमीटर आत असावेत. प्रत्येक पृष्ठावर क्रमांक हवाच, अगदी पूर्ण काळ्या पृष्ठावरही. चित्राच्या सौंदर्यात तो खुपत असेल तर बांधणीच्या बाजूला बारीक अक्षरांत लपवता येतो, पण क्रमांक नसलेली फाइल छापखाना परत पाठवतो. आतली पृष्ठे तीनपासून मोजण्याची पद्धत आहे, कारण मुखपृष्ठाच्या दोन बाजू एक आणि दोन मानल्या जातात.

मराठी संवाद असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात का, ते ‘र्‍या’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ अशा अक्षरांवर तपासावे. शंका आली तर मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून ६०० डीपीआयचे चित्र म्हणून फुग्यात बसवावा. बारीक वळणाच्या टंकाची शिरोरेषा दोन रंगांत रूपांतर होताना तुटते, म्हणून जाडसर टंक घ्यावा. जपानी वाचकासाठी संवादांचे भाषांतर प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी देण्यापेक्षा एका वेगळ्या दुमडलेल्या कागदावर दिलेले मला अधिक आवडते. चित्र मोकळे राहते.

शेवटच्या पृष्ठावरचा प्रकाशन-तपशील, ज्याला ओकुदुके म्हणतात, टाळता येत नाही. त्यात पुस्तकाचे नाव, प्रकाशनाची तारीख, सर्कलचे आणि लेखकाचे नाव, संपर्क आणि छापखान्याचे नाव असते. टोपणनाव चालते. घरचा पत्ता देऊ नये. खास या कामासाठी काढलेला ईमेल पत्ता पुरतो. मजकूर प्रौढांसाठी असेल तर मुखपृष्ठावर ठळक ‘आर-१८’ हवे, देताना वय तपासावे लागते आणि जपानी दंडसंहितेच्या कलम १७५ मुळे काही भाग झाकावे लागतात. पहिल्या पुस्तकात हा ताप नको.

पाचवी पायरी: छापखाना, प्रती आणि किंमत

केवळ दोजिन्शी छापणारे अनेक छापखाने जपानमध्ये आहेत. कावासाकीतला नेको नो शिप्पो किंवा फुचूतला र्‍योकुयोशा ही त्यांतली जुनी नावे. यांचा मोठा फायदा म्हणजे छापलेल्या पेट्या मेळाव्याच्या सकाळी थेट आपल्या मेजाखाली आणून ठेवण्याची सोय. त्यामुळे भारतातून स्वस्तात छापून नेण्याचा मोह आवरावा. विमानातल्या सामानाचे वजन आणि वर सांगितलेली आकाराची भानगड पाहता त्यात फारसे काही वाचत नाही.

शंभरपेक्षा कमी प्रतींसाठी डिजिटल छपाई, जिला तेथे ऑन-डिमांड म्हणतात, परवडते. तिच्यात मोठे काळे भराव थोडे चमकतात. त्याहून जास्त प्रतींना ऑफसेट स्वस्त पडते आणि काळा रंग गडद येतो. कागदाची जाडी जीएसएमऐवजी (म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅमऐवजी) किलोत सांगितलेली असते. हे ठरावीक आकाराच्या हजार तावांचे वजन असून, त्याला सुमारे १.१६ ने गुणले की जीएसएम मिळते. आतल्या पृष्ठांना ९० किलोचा, म्हणजे साधारण १०५ जीएसएमचा, आणि मुखपृष्ठाला १८० किलोचा, म्हणजे सुमारे २१० जीएसएमचा कागद पुरेसा आहे.

प्रती किती, हा प्रश्न सर्वांत अवघड. कोणी ओळखत नसलेल्या सर्कलने स्वतंत्र गोष्टीच्या तीस ते पन्नास प्रती छापाव्यात, असे माझे मत आहे. समजा पन्नास प्रतींना २०,००० येन लागले. प्रत ५०० येनला ठेवली तर चाळीस प्रती गेल्यावर छपाई सुटते, आणि मेजाचे शुल्क व प्रवास खिशातूनच जातो. हे गृहीत धरूनच काम हाती घ्यावे. किंमत ५०० किंवा १,००० येन अशी गोल ठेवावी, कारण बहुतेक व्यवहार रोख होतो आणि ४३० येनच्या पुस्तकामुळे रांग अडते.

एवढाही खर्च नको असेल तर कॉपी-बोन काढावे: सोयीच्या दुकानातल्या यंत्रावर बी४ कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रत काढायची, मधोमध दुमडायची आणि लांब बाहूच्या स्टेपलरने टाचायची. या पुस्तिकांना कोणी कमी लेखत नाही. नामांकित सर्कलही आयत्या वेळी रात्र जागून त्या बनवतात.

सहावी पायरी: तारखांचा उलटा हिशेब

प्रत्येक मेळाव्यासाठी छापखान्याच्या दोन-तीन मुदती जाहीर झालेल्या असतात. लवकर फाइल देणाऱ्याला सवलत, नेहमीच्या मुदतीला ठरलेली किंमत आणि त्यानंतर जादा आकार. अगदी शेवटच्या घटकेला छापखान्याच्या गळ्यात पडण्याला ‘गोकुदो न्यूको’, म्हणजे गुंडगिरीची फाइल, असे गमतीने म्हणतात. नवख्याने ती गंमत करू नये, कारण त्याच्या फाइलमध्ये चूक निघण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. मेळावा नोव्हेंबरच्या मध्यावर आहे असे धरले, तर छपाईची नेहमीची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत येते. आपली मुदत त्याआधी दहा दिवस मानावी. त्यामागे एक आठवडा टोन, संवाद आणि मुद्रितशोधनाला, त्यामागे दोन महिने पक्क्या चित्रांना आणि त्यामागे तीन आठवडे नेमला, असे मोजत गेले की कामाला जुलैच्या अखेरीस बसावे लागते. मुखपृष्ठ शेवटी ठेवू नये. ते मध्येच, हात तापलेला असताना, करावे, म्हणजे पिक्सिव्ह या चित्रांच्या संकेतस्थळावर आणि एक्सवर आधीच दाखवता येते. मेळाव्याच्या आठवड्यात ‘ओशिनागाकी’, म्हणजे मेज क्रमांक, पुस्तके आणि किमती यांचा एकच फलक, चित्र म्हणून चढवावा. लोक तो मोबाइलमध्ये साठवून येतात.

सातवी पायरी: मेळाव्याचा दिवस

बिग साइटला रिनकाई मार्गावरच्या कोकुसाई-तेन्जिजो स्थानकावरून किंवा युरिकामोमे या दुसऱ्या रेल्वेने जाता येते. सर्कलना सामान्य वाचकांच्या आधी आत सोडतात. त्यासाठी आलेला प्रवेशपास घरी विसरू नये. आपली जागा म्हणजे अर्धे मेज, सुमारे ९० सेंटिमीटर रुंद. मेजावर छापखान्यांच्या जाहिरातींचा गठ्ठा असतो आणि खाली आपली पेटी. पहिल्यांदा पेटी उघडून दोन-तीन प्रती चाळाव्यात, पृष्ठांचा क्रम पाहावा. मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना अभिवादन करावे. स्वच्छतागृहात जायचे झाले की मेजावर लक्ष तेच ठेवणार असतात.

प्रत्येक नव्या पुस्तकाची एक नमुना प्रत अर्ज चिकटवून आयोजकांकडे द्यावी लागते. कॉमिकेटच्या अशा प्रती जपून ठेवल्या जातात. या मेळाव्याची धुरा १९८० ते २००६ अशी दीर्घकाळ वाहणाऱ्या योनेझावा योशिहिरो याच्या नावाने मेइजी विद्यापीठाने २००९ मध्ये काढलेल्या ग्रंथालयात दोजिन्शींचा संग्रह पाहायला मिळतो.

मेज मांडायला एक साधे कापड, पुस्तक उभे धरणारी छोटी घडवंची आणि वीस पावले दूरून वाचता येईल एवढा किमतीचा फलक पुरतो. सुट्टे पैसे म्हणून शंभर आणि पाचशे येनची नाणी आणि हजाराच्या काही नोटा न्याव्यात. सामान वाटेत येऊ देऊ नये. मेळावा सुरू झाल्याची घोषणा होताच सभागृहात टाळ्या वाजतात, आपणही वाजवाव्यात.

कोणी थांबून ‘पाहू का’ असे विचारले की ‘दोझो’ (‘अवश्य’) म्हणून प्रत पुढे करावी आणि नजर दुसरीकडे वळवावी. वाचत असलेल्या माणसाला गोष्ट समजावून सांगायला लागणे हा नवख्यांचा दोष आहे. तो माणूस प्रत ठेवून निघून जातो. न घेता गेला तरी आभार मानावेत. दुपारी एखाद्याला मेजावर बसवून स्वतः फिरून यावे आणि दोन-चार पुस्तके विकत घ्यावीत, विशेषतः आपल्या ओळीतल्यांची. छायाचित्र काढायचे तर आधी विचारावे, आणि दुसऱ्याच्या पुस्तकाची आतली पृष्ठे तर कधीच टिपू नयेत.

संपताना आपला कचरा स्वतः न्यावा. उरलेल्या प्रती सभागृहातूनच कुरियरने घरी पाठवता येतात.

मेळाव्यानंतर

उरलेल्या प्रती पिक्सिव्हच्या बूथ या सेवेवर मांडता येतात, किंवा मेलनबुक्ससारख्या दोजिन्शी विकणाऱ्या दुकानाकडे विक्रीसाठी ठेवायला देता येतात; दुकान किमतीतला आपला वाटा कापून घेते. चाहत्यांच्या निर्मितीच्या बाबतीत संगणकी प्रत विकण्याआधी मूळ नियमावली पुन्हा वाचावी, कारण छापील पुस्तकाला मुभा आणि डिजिटल विक्रीला मनाई, असे बऱ्याच ठिकाणी असते.

पैशाचा हिशेब पहिल्याच पुस्तकापासून लिहून ठेवावा. छपाई, मेजाचे शुल्क, कागद आणि प्रवास यांच्या पावत्या जपाव्यात. पगारदार माणसाचे पगाराबाहेरचे निव्वळ उत्पन्न वर्षाला दोन लाख येनच्या वर गेले तर जपानमध्ये आयकर विवरण भरावे लागते. पन्नास प्रतींत ते होणार नाही, पण पुढे होऊ शकते. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी मात्र रक्कम छोटी असली तरी, अशा मिळकतीला आपल्या व्हिसात वाव आहे का, हे अर्ज करण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात विचारून घ्यावे.

त्याच संध्याकाळी वहीत दोन आकडे नोंदवावेत: किती प्रती नेल्या आणि किती गेल्या. कॉमिकेटच्या पुढच्या अर्जात ते विचारले जातात, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या प्रती ठरवायला तेच सर्वांत उपयोगी पडतात.